श्रद्धा आणि विज्ञान : फादर लमेत्र यांच्याकडून शिकताना



पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. दहावीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचून झाला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, शाळेत सांगतात विश्व महास्फोटातून झालं, १३८० कोटी वर्षांपूर्वी. इथे सांगतात सहा दिवसांत झालं. खरं कुठलं?" आम्ही तिघे शिक्षक त्या वर्गाला आळीपाळीने शिकवतो. त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याने घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले, "शाळेतलं शाळेत, देवळातलं देवळात." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आम्हाला चुटपुट लागली. त्याच्या घरी जाण्याआधी आम्ही थोडी तयारी केली आणि आनंदाने उडीच मारली, कारण महास्फोटाचा सिद्धांत मांडणारा माणूस चक्क एक कॅथॉलिक धर्मगुरू होता! आता काय, उत्तर हातात आले. त्याच्या घरी बसून चहा घेता घेता आम्ही मोठ्या विजयाने सांगितले, "अरे, तुझा तो महास्फोट आपल्याच फादरांनी शोधलाय. देवाने प्रकाश निर्माण केला, तोच तो क्षण. विज्ञानाने बायबल सिद्ध केलंय." मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि उद्या शास्त्रज्ञांनी तो सिद्धांत बदलला तर? मग बायबल खोटं ठरणार का?"

आई त्याच्यावर ओरडली. पण आमच्याकडे उत्तर नव्हते. परतताना तिघेही गप्प होतो. त्यानंतरचे काही आठवडे आम्ही त्या फादरांविषयी मिळेल ते वाचले. हा पाठ म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे. आधीच सांगून टाकतो : त्या मुलाने आम्हाला जे विचारले, तेच त्या फादरांनी फार पूर्वी ओळखले होते, आणि त्यांची चिंता थेट एका पोप महोदयांच्या भाषणावरून होती.

सैनिक, गणिती, धर्मगुरू

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या गावी झाला. शाळा येशूसंघीयांची. पुढे लूव्हेनच्या कॅथॉलिक विद्यापीठात ते इंजिनीअर होण्यासाठी गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्यांनी पुस्तके मिटली आणि सैन्यात नाव घातले. सैन्यात, आधी पायदळात आणि मग तोफखान्यात, त्यांनी युद्धाची चारही वर्षे काढली आणि शौर्यपदकही मिळवले. त्याच युद्धात, त्यांच्याच देशात, ईप्र या गावाजवळ २२ एप्रिल १९१५ रोजी क्लोरीन वायू मोठ्या प्रमाणावर सैनिकांवर सोडण्यात आला. तो वायू तयार करणारेही शास्त्रज्ञच होते, नामांकित होते. विज्ञान आपोआप माणसाला जवळ आणते अशी समजूत कोणाची असेल, तर त्या पिढीची ती नक्कीच राहिली नसणार.

युद्धानंतर लमेत्र यांनी इंजिनीअरिंग सोडून गणित घेतले आणि १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर मालीन येथील गुरुविद्यालयात प्रवेश केला. २२ सप्टेंबर १९२३ रोजी कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आणि लगेच, त्याच वर्षी, हे नवे फादर इंग्लंडला केंब्रिज येथे सर आर्थर एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेले. एडिंग्टन क्वेकर पंथाचे होते. त्या पंथात शस्त्र उचलणे निषिद्ध, म्हणून एडिंग्टन यांनी युद्धात लढायला नकार दिला होता. म्हणजे गुरू युद्धाला नकार देणारा, शिष्य चार वर्षे युद्धात लढून आलेला; एक प्रॉटेस्टंट परंपरेतला, दुसरा कॅथॉलिक फादर. दोघांचे छान जमले. पुढचे वर्ष लमेत्र यांनी अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत काढले आणि १९२५ पासून ते लूव्हेनला शिकवू लागले.

आता त्यांनी शोधले काय ते सोप्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करतो. स्टेशनवर न थांबता विरार फास्ट धडधडत निघून जाते तेव्हा तिचा भोंगा ऐका. गाडी जवळ येताना आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की उतरतो. दूर जाणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचेही ढोबळमानाने तसेच होते. तो लालसर बाजूला सरकतो. अमेरिकेतील व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून अनेक वर्षे एकेका अंधूक तेजोमेघाचा प्रकाश धीराने मोजला आणि त्यांतले बहुतेक आपल्यापासून दूर जात आहेत असे दाखवले. पण ते किती अंतरावर आहेत? त्याची किल्ली हार्वर्डमध्ये हेन्रिएटा लेविट नावाच्या बाईंनी शोधली होती. त्यांना ऐकू कमी येत असे आणि काम होते काचेच्या छायाचित्रांवरचे तारे मोजत बसण्याचे. लुकलुकणाऱ्या एका जातीच्या ताऱ्यांची उघडझाप जितकी सावकाश, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी, हा नियम त्यांनी १९१२ साली २५ ताऱ्यांवरून मांडला. खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. एडविन हबल यांनी पुढे तीच किल्ली वापरली.

फादर लमेत्र यांनी स्लायफर यांचे वेग आणि हबल यांची अंतरे हाताशी घेतली, आइन्स्टाइन यांची समीकरणे सोडवली आणि १९२७ साली लिहिले की तारकाविश्वे अवकाशातून पळत नाहीत, अवकाशच पसरत आहे. नाताळच्या केकचे पीठ भट्टीत फुगते तेव्हा त्यातले बेदाणे एकमेकांपासून दूर जातात, पण कुठलाही बेदाणा स्वतःहून चालत नाही. तसे. पसरण्याचा वेगही त्यांनी काढून दाखवला.

त्याच वर्षी ब्रुसेल्सला मोठी परिषद भरली. तेथे आइन्स्टाइन भेटले. त्यांनी तरुण फादरांना सांगितले की तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्र मात्र अगदी भयंकर! विश्व स्थिर आहे यावर आइन्स्टाइन यांचा तेव्हा ठाम विश्वास होता. पण त्याच भेटीत त्यांनी एक उपकारही केला. अलेक्झांडर फ्रीडमन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९२२ मध्येच अशी उत्तरे काढली होती, हे त्यांनी लमेत्र यांना सांगितले. फ्रीडमन १९२५ मध्ये वारले होते. एका बेल्जियन फादराला एका दिवंगत रशियनाच्या कामाचा पत्ता एका ज्यू शास्त्रज्ञाकडून लागतो, आणि तोही त्याला नापास करता करता, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

भाषेने घातलेला घोळ

लमेत्र यांचा १९२७ चा लेख फ्रेंच भाषेत होता आणि ब्रुसेल्सच्या एका शास्त्रीय संस्थेच्या वार्षिक अंकात छापला होता. फारसा कोणी वाचला नाही. एडिंग्टन यांच्याकडे प्रत गेली होती, पण ते विसरून गेले. १९२९ मध्ये हबल यांनी अंतर आणि वेग यांचा संबंध इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि नाव त्यांचे झाले. १९३० च्या सुरुवातीला लंडनच्या बैठकीत एडिंग्टन याच कोड्यावर चर्चा करत असल्याचे वाचून लमेत्र यांनी त्यांना पत्र लिहिले : सर, हे मी तीन वर्षांपूर्वी लिहिले आहे. एडिंग्टन ओशाळले, आणि मोठ्या मनाने त्यांनी आपल्या शिष्याच्या लेखाची सर्वांना ओळख करून दिली. १९३१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात लेखाचे इंग्रजी भाषांतर आले.

पण भाषांतरात मूळ लेखाचा नेमका तोच भाग नव्हता, जिथे फादरांनी विश्व पसरण्याचा वेग काढला होता! अनेक वर्षांनी अभ्यासकांच्या हे लक्षात आले आणि संशयाला ऊत आला. हबल यांचे श्रेय वाचवण्यासाठी कोणी कात्री लावली का? कॅथॉलिक धर्मगुरू म्हणून डावलले का? शेवटी २०११ साली मारिओ लिव्हिओ या खगोलशास्त्रज्ञाने सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांतून एक पत्र शोधून काढले. भाषांतर खुद्द लमेत्र यांनीच केले होते आणि तो भाग त्यांनी स्वतःच गाळला होता. त्यांच्या मते ती माहिती आता तात्पुरती, जुनी झाली होती. हबल यांचे नवे आकडे आले होते, मग आपले कच्चे आकडे पुन्हा छापून काय उपयोग?

या पत्रात भाषेची एक गंमत आहे. तो भाग 'अ‍ॅक्च्युअल' महत्त्वाचा नाही असे त्यांनी इंग्रजीत लिहिले. इंग्रजी वाचकाला वाटेल, 'खरोखर' महत्त्वाचा नाही. पण फ्रेंचमध्ये 'आक्त्युएल' म्हणजे 'सध्याचा'. फ्रेंच बोलणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा तोच अर्थ असणार. एका शब्दाने केवढा फरक पडतो! ज्यांच्या घरात कादोडी, शाळेत इंग्रजी आणि देवळात मराठी आहे, त्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माणूस स्वतःचे श्रेय स्वतःच्या हाताने पुसतो, हे आम्हाला सहज पचले नाही. आमच्यातल्या एकाला ही नम्रता वाटली, दुसऱ्याला निष्काळजीपणा. अजून एकमत नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने मात्र २०१८ साली सभासदांचे मत घेऊन 'हबलचा नियम' याला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे अशी शिफारस केली. ९१ वर्षे लागली.

खोडलेला परिच्छेद आणि पोप महोदयांचे भाषण

१९३१ च्या मे महिन्यात लमेत्र यांनी 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकात एक लहानसे पत्र छापले. विश्व पसरत असेल तर मागे मागे जाता ते कधीतरी अगदी एकवटलेले असणार, जणू एकच आदिम अणू. आणि काळ व अवकाश यांचाही अर्थ तेथूनच पुढे सुरू होत असेल, असा तो विचार होता. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो त्याचे हे बीज. या पत्राच्या टंकलिखित मसुद्याच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. त्यात देवाचा उल्लेख होता : सर्व अस्तित्वाला आधार देणारा देव स्वभावतःच लपलेला आहे, आणि आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर जणू पडदा घालते, याचा श्रद्धावंताला आनंद वाटेल, अशा आशयाचा. लमेत्र यांनी तो परिच्छेद खोडला आणि मग पत्र पाठवले.

लक्षात घ्या, त्यांचा त्यावर विश्वास नव्हता असे नाही. ते आयुष्यभर धर्मगुरू राहिले, पांढरी कॉलर लावूनच शास्त्रज्ञांच्या सभांना जात. एका अमेरिकन पत्रकाराला त्यांनी १९३३ मध्ये सांगितले होते की सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि त्यांनी दोन्ही धरायचे ठरवले. पण एका वाटेवरची पाटी उचलून दुसऱ्या वाटेवर रोवायला ते तयार नव्हते. बायबलच्या लेखकांना तारणाच्या बाबतीत प्रकाश मिळाला होता, बाकी निसर्गाच्या बाबतीत ते त्यांच्या पिढीइतकेच जाणते किंवा अजाण होते, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

आता पोप महोदयांच्या त्या भाषणाकडे येऊ. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केले. लमेत्र १९३६ पासून या अकादमीचे सदस्य होते. पोप महोदयांना विज्ञानाची खरी आवड होती. भाषणात सावधगिरीची वाक्येही होती. पण एकूण सूर असा होता की आजचे विज्ञान कोट्यवधी वर्षे मागे जाऊन, देवाने प्रकाशाला बोलावले त्या पहिल्या क्षणाचे जणू साक्षीदार झाले आहे. जगभर मथळे झळकले. कोणत्याही कॅथॉलिक शास्त्रज्ञाची छाती फुगावी असा प्रसंग. आम्ही त्या मुलाच्या घरी बसून जे बोललो, तेच हे, फक्त शंभरपट सुंदर भाषेत.

लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. तेव्हा त्यांचा सिद्धांत सिद्ध झालेला नव्हता. केंब्रिजच्या फ्रेड हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये उलट सिद्धांत मांडला होता की विश्वाला आरंभच नाही, ते कायम तसेच आहे. हॉयल देव न मानणारे होते. 'बिग बँग' हे नावही त्यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवर बोलताना दिले. कोण बरोबर, हे निरीक्षणाने ठरायचे होते. अशा वेळी ख्रिस्तसभेने एका बाजूला आपला हात ठेवला, तर दोन गोष्टी होतात. एक, लमेत्र यांचे गणित म्हणजे वेशांतर केलेले धर्मशिक्षण आहे, असा संशय शास्त्रज्ञांना येतो. आणि दुसरी, जी त्या मुलाने ओळखली : उद्या मोजमाप उलटे निघाले, तर सामान्य भाविकाला वाटेल की उत्पत्तीचे पुस्तकच कोसळले.

व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक, येशूसंघीय फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी लमेत्र या विषयावर बोलले. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले आणि पोप महोदय पुन्हा त्यांच्यासमोर बोलले, तेव्हा त्यांनी हा धागा पूर्वीसारखा ओढला नाही. या बदलामागे लमेत्र आणि ओकॉनेल यांची शांत विनंती होती, असे इतिहासकार सांगतात. वर्तमानपत्रात निषेध नाही, बंड नाही. आणि गप्प बसणेही नाही. पोप महोदयांनीही ऐकले. आपल्या धर्मग्राम मंडळाच्या सभांमध्ये मतभेद झाले की काय होते ते आपण जाणतोच, म्हणून हा प्रसंग आम्ही दोनदा वाचला.

पुढे १९५८ मध्ये एका परिषदेत लमेत्र यांनी स्पष्टच सांगितले की त्यांचा सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या बाहेर आहे. देव न मानणारा त्यानंतरही न मानायला मोकळा आहे. आणि श्रद्धावंतालाही त्यातून देवाशी फाजील सलगी करता येत नाही.

पुरावा आला तो अगदी शेवटी. अमेरिकेत न्यू जर्सी येथे आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनाने आकाश ऐकत होते. सगळ्या दिशांनी एक बारीक खरखर येत होती. अँटेनात कबुतरांनी घर केले होते; त्यांची घाणही साफ करून झाली, तरी खरखर जाईना. ती विश्वाच्या तापलेल्या बाल्यावस्थेतून उरलेली ऊब होती, असे १९६५ मध्ये जाहीर झाले. पेंझियास म्हणजे म्युनिकच्या एका ज्यू कुटुंबातला मुलगा, १९३९ मध्ये नाझींच्या तावडीतून लहानपणी बाहेर काढलेला. लमेत्र तेव्हा आजारी होते. त्यांचे सहायक ओदों गोदार यांनी ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली. २० जून १९६६ रोजी फादर लमेत्र यांचे निधन झाले.

एक विद्यापीठ, दोन भाषा

येथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण वाचताना एक कडू भाग समोर आला, तोही सांगायला हवा.

लूव्हेनचे विद्यापीठ १४२५ साली पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञेने स्थापन झाले. ते शहर बेल्जियमच्या डच भाषा बोलणाऱ्या भागात आहे, पण विद्यापीठावर फार काळ फ्रेंच भाषेचा वरचष्मा होता. डच भाषकांचे दुखणे खरे होते. त्यांच्याच गावात त्यांच्या भाषेला दुय्यम जागा. १९६० नंतर आंदोलन पेटले, फ्रेंच भाषकांनी येथून जावे अशा घोषणा रस्त्यांवर झाल्या. दोन्हीकडे कॅथॉलिक, दोन्हीकडे एकाच मिस्साबलिदानाला येणारी माणसे. लमेत्र फ्रेंच बाजूचे. विद्यापीठ फुटू नये म्हणून १९६२ मध्ये निघालेल्या प्राध्यापकांच्या संघटनेत ते पुढे होते. विश्वाच्या आरंभापर्यंत ज्यांची दृष्टी पोहोचली, त्यांना शेजारच्या गल्लीतल्या माणसाचे दुखणे पुरेसे दिसले का, हे आम्ही दुरून ठरवू शकत नाही. १९६८ मध्ये या वादात देशाचे सरकार पडले आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच भाग नवे गाव वसवून तिकडे गेला. ग्रंथालयाची पुस्तके वाटताना सम क्रमांक एकीकडे, विषम क्रमांक दुसरीकडे अशी वाटणी झाल्याचे प्रसिद्ध आहे. ज्या ग्रंथमालेचे भाग सलग होते तिचे काय झाले असेल ते विचारू नका.

हे वाचून आम्हाला आपली सकाळ आठवली. मराठी मिस्सेला आजी-आजोबा आणि इंग्रजी मिस्सेला नातवंडे. पाद्रीवाड्यासमोर दोन वेळच्या गर्दी एकमेकींना ओलांडून जातात. भांडण नाही, देवाची कृपा. पण ओळखही कमी होत चालली आहे. उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथल्या लोकांनी आपली भाषा शिकावी म्हणून वाट पाहिली नाही. ते स्वतः मराठी शिकले आणि इतके शिकले की १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून झाले.

उत्पत्तीची भाषा

मग त्या मुलाला सांगायचे काय? आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा उघडला आणि या वेळी घाई न करता वाचला. सूर्य कोणत्या दिवशी निर्माण झाला? चौथ्या. मग पहिले तीन दिवस, संध्याकाळ आणि सकाळ, कशावरून मोजले? हा प्रश्न विज्ञानयुगाने काढलेला नाही. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांनाही तो दिसला होता. हिब्रू 'योम' हा शब्द उजेडाच्या वेळेलाही वापरतात, पूर्ण दिवसालाही आणि एखाद्या मोठ्या काळालाही. दुसऱ्या अध्यायात निर्मितीची दुसरी कथा आहे आणि तिचा क्रम वेगळा आहे : पहिल्या कथेत प्राणी आधी, माणूस नंतर, दुसरीत माणूस आधी. ज्यांनी हे ग्रंथ एकत्र ठेवले, त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे म्हणजे त्यांना भोळे समजणे. त्यांनी दोन्ही ठेवल्या, कारण ते वेळापत्रक लिहीत नव्हते.

आणखी एक गोष्ट आम्ही इतकी वर्षे वाचूनही पाहिली नव्हती. पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांची नावेच नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान ज्योती, एवढेच. भोवतालचे बलाढ्य लोक सूर्य-चंद्रांना देव मानून त्यांची पूजा करीत. इस्राएलचा लेखक त्यांना नावही देत नाही. दिवे म्हणतो, आणि देवाने टांगलेले दिवे म्हणतो. हे विज्ञान नाही. पण पारतंत्र्यात रडणाऱ्या लोकांसाठी केवढा दिलासा आहे, की आपल्यावर राज्य करणाऱ्यांचे देव आपल्या देवाच्या घरातले कंदील आहेत! हा अर्थ १३८० कोटी वर्षांच्या आकड्याने वाढत नाही आणि तो आकडा बदलला तर कमीही होत नाही.

संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना ख्रिस्ती लोकांना बजावले होते की आकाश, तारे, प्राणी यांविषयी अज्ञानाने बोलून तो बायबलचा अर्थ आहे असे सांगू नका. ज्याला त्या विषयाची माहिती आहे, तो हसेल. आणि मग पुनरुत्थानाविषयी तुमचे म्हणणे तो कशाला ऐकेल? आम्ही मात्र वर्गात घड्याळाकडे पाहत होतो.

आपल्या 'महास्फोट' या शब्दाविषयीही दोन ओळी. तो ऐकून मुलांच्या डोळ्यांसमोर काळ्या मोकळ्या जागेत फुटणारा फटाका येतो. पण फुटायला मोकळी जागाच तेव्हा नव्हती. जागाच पसरू लागली. लमेत्र यांच्या लिखाणात फटाका नाही. चेष्टेत पडलेल्या एका इंग्रजी नावाचे आपण गंभीर मराठी केले, आणि आता ते बदलणे कठीण. हॉयल यांनी मात्र ती चेष्टा असल्याचे नाकारले होते, तेही येथे नोंदवायला हवे.

हे सारे चार पानांत लिहून आम्ही त्या मुलाच्या बहिणीबरोबर त्याला पाठवले. सोबत क्षमाही मागितली, दोन्ही वेळच्या उत्तरांबद्दल. पंधरा दिवसांनी पाने परत आली. समासात पेन्सिलीने दोन प्रश्न होते. पहिला : "त्यांनी तो परिच्छेद खोडला, तर आपल्याला कसं कळलं?" याचे उत्तर आम्ही देऊ शकलो, मसुदा लूव्हेनला त्यांच्या कागदपत्रांत जपून ठेवला आहे आणि खोडलेल्या ओळी वाचता येतात. दुसरा प्रश्न होता : "देव लपलेला असेल, तर आपली प्रार्थना त्याला ऐकू येते हे कशावरून?"

तो प्रश्न आम्ही फादरांना दाखवला. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "त्याला सांगा, रविवारी आठच्या मिस्सेनंतर थांब. मीही थांबतो."